वरईची भगर होते तेव्हा

मोखाड्याकडे वरईचा भात उपासाला खात नाहीत, भूक लागली की खातात. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला माझ्या घरच्या एकादशीची जराशी लाज वाटली. आमच्याकडे भगर म्हणजे दाण्याची आमटी, वर तुपाची धार, शेजारी बटाट्याची भाजी, आणि एवढं सगळं पोटात गेल्यावर उपास घडल्याचं समाधान. इथे डोंगरउतारावरच्या घरात त्याच दाण्याचा भात, त्यावर उडदाचं भुजं, तोंडी लावायला सुक्या मिरचीची चटणी. हे जेवण. दाणा एकच, नावं दोन: शेतात वरई, दुकानात भगर. मधे एकच काम होतं, टरफल निघतं. पण त्या टरफलाबरोबर आणखी बरंच काही निघून जातं.

2025 मध्ये महाशिवरात्र 26 फेब्रुवारीला होती. तिच्या आदल्या आठवड्यात नाशिकहून त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार असा ऐंशी किलोमीटरच्या आसपासचा रस्ता धरला. त्र्यंबकच्या किराणा दुकानांनी भगर, साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ दाराशी आणून मांडलं होतं. घाट उतरून मोखाड्याच्या बाजूला आलं की रंगच बदलतो. गवत वाळून पिवळं झालेलं, सागाची पानं गळून खाली पडलेली, आणि मधेच एखादा पळस पेटल्यासारखा. सकाळी शाल लागते, दुपारी तीच डोक्यावर घ्यावी लागते. थंडी जाते आहे हे इथे कॅलेंडर बघून कळत नाही. विहिरीचं पाणी किती खाली गेलं त्यावरून कळतं.

जव्हारला येणारे पाहुणे राजवाडा बघतात, दाभोसा धबधबा बघतात, शिवाजी महाराज सुरतेला जाताना थांबले होते त्या शिरपामाळावर फोटो काढतात. मुकणे राजांचं संस्थान 1948 मध्ये विलीन झालं, आणि 1 ऑगस्ट 2014 पासून हा भाग ठाण्याऐवजी पालघर जिल्ह्यात मोडतो. इतिहास एवढा पुरे. मला बघायच्या होत्या चुली.

इथल्या जमिनीचे दोन भाग. खाली ओढ्याकाठी भातखाचरं, ती थोडी. वर उताराची वरकस जमीन, ती जास्त. वरकस जमिनीत आधी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, मग खुरासणी किंवा उडीद, आणि मग जमीन विसाव्याला सोडायची, असा जुना फेरा. 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नागली आणि वरी ही डोंगराळ भागातली धान्यं म्हणून नोंदलेली आहेत, आणि ती पिकवणारे वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आजही तीच पिकवतात. (कोकणातल्या वाचकांसाठी: तुमची नाचणी ती इथली नागली.) कार्तिक-मार्गशीर्षात कापणी, मळणी, मग धान्य शेणाने सारवलेल्या कणगीत. माघापर्यंत कणगी भरलेली असते, म्हणून घरच्या स्वयंपाकाचे खरे दिवस हेच. श्रावणात या घरांत जाल तर कणगीचा तळ दिसत असतो.

नागलीची भाकरी थापायचा मी एकदा प्रयत्न केला. ज्वारीच्या भाकरीवर हात बसलेल्या माणसालाही नागली जुमानत नाही. पिठाला चिकटपणा नाही, कडा चिरतात, उचलायला गेलं की मधे तुटते. गरम पाण्यात पीठ मळून, ओल्या हाताने, तव्यावर टाकेपर्यंत तिला तळहातावरच फिरवत ठेवायचं, हे समोरच्या आजींनी मला तीनदा दाखवलं. चौथ्यांदा त्यांनी परात आपल्याकडे ओढून घेतली. भाकरी जाड, तपकिरी, वर धुराचा वास. गरम असताना मऊ, आणि गार झाली की सकाळी चहात बुडवून खायची.

तिच्याबरोबरचं भुजं म्हणजे शहरातल्या उडदाच्या डाळीचा कोणी नातलग नव्हे. उडीद आधी कोरडे भाजतात, जात्यावर भरडतात, काळं साल बरंचसं तसंच ठेवून शिजवतात. लसूण, मिरची, मीठ. फोडणीला तेल असलं तर असलं. भाजल्याचा जो खमंगपणा येतो त्यापुढे मसाल्याची गरज पडत नाही. खुरासणी भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटली की चटणी; तिचं तेल सुटून बोटांना लागतं, आणि पूर्वी घरातलं तेल तेच असे. आठवडी बाजारात किनाऱ्याकडची सुकी मासळी येते, सुकट, जवळा, बोंबील. डोंगरातल्या जेवणात समुद्र शिरतो तो असा, टोपलीतून, उन्हाने आटून. उन्हं वाढली की आंबील: नागलीचं पीठ रात्री भिजवून आंबवायचं, सकाळी शिजवायचं, ताक असेल तर ताक, नसेल तर नुसतं मीठ. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे तांदळाच्या कित्येक पट. हे आता पाकिटावर छापतात. आंबील पिऊन रानात जाणाऱ्या बाईला ते पाकीट वाचायची गरज कधी पडली नव्हती.

पण हे लिहिताना एक गोष्ट लपवली तर लेख खोटा होईल. मी गेलो त्या पाड्यांवर चुलीशी बसलेल्या बहुतेक बायका साठीच्या पुढच्या होत्या. त्यांच्या लेकी-सुना वसई, भिवंडी, वाडा या पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर होत्या. दिवाळी झाली की मुकादम येतो, उचल आधीच दिलेली असते, आणि नवरा, बायको, लहान मुलं, कोंबड्यासुद्धा ट्रकमध्ये बसतात. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते. त्या खर्चीतून बाजारातला तांदूळ, कांदे-बटाटे, मसाल्याची पुडी. ज्यांनी नागली कापली त्यांच्या ताटात कणगी भरलेली असतानाच नागली नसते. मागे राहिलेली म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं ती खातात, आणि म्हाताऱ्यांना दळायला जोर नसला की रेशनचा तांदूळ शिजतो. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य मिळतं, त्याने चूल विझत नाही हे खरं, आणि ते कोणी हलक्यात घेऊ नये. पण त्या धान्यात नागली नाही.

याच तालुक्यांची नावं बाहेरच्या महाराष्ट्राला कळली ती जेवणामुळे नव्हे, जेवण नसल्यामुळे. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांना डोंगर चढायला लावला. 2016 मध्ये मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. मधल्या काळात योजना बऱ्याच झाल्या. त्यातली 2015 ची अमृत आहार योजना मला कल्पना म्हणून आवडते, कारण तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातेला पाकीट न देता अंगणवाडीत शिजवलेलं गरम जेवण द्यायचं ठरलं. कागद एक आणि पातेलं दुसरं, हे इथेही चुकत नाही. तरी दुपारी अंगणवाडीतून फोडणीचा वास येतो तेव्हा बरं वाटतं.

आता टरफलाकडे.

नागलीचं एक बरं आहे. मळणी आणि पाखडणी झाली की दाणा मोकळा होतो. तो सालासकटच दळायचा, सालासकटच खायचा. गावातल्या पिठाच्या गिरणीत काम भागतं. शिवाय ती टिकते. नीट वाळवलेल्या नागलीला कीड सहसा शिवत नाही, वर्षानुवर्षं कणगीत राहते. दुष्काळाची बेगमी म्हणून जुनी माणसं तिच्याकडेच बघत. वरई तशी सरळ नाही. दाणा मोहरीच्या जवळपास, आणि त्यावर गुळगुळीत, चकाकणारं, चिवट टरफल. उखळात घालायची, मुसळाने कांडायची, सुपात पाखडायची, राहिलेली पुन्हा उखळात. जोर जास्त झाला तर कणी होते, कमी झाला तर टरफल तसंच. घरच्या एका जेवणाची वरई तयार करायला बाईची अर्धी सकाळ जाते, आणि ही अर्धी सकाळ आता तिच्याकडे नसते. भात भरडायच्या गिरणीत वरई घातली तर भुगा निघतो. तिला वेगळी यंत्रं लागतात: सोलणारी, चाळणारी, खडे वेगळे करणारी. ती यंत्रं आहेत नाशिकला.

नाशिकच्या भगर गिरण्या हा खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय. महाराष्ट्राच्या उपासाच्या भगरीचा मोठा भाग त्यांच्यातून जातो. जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातली वरई तिकडे पोचते. गावातला दुकानदार किंवा फिरता व्यापारी माघाच्या आसपास टरफलासकट पोती उचलतो. पैसे बऱ्याचदा आधीच मीठ, तेल, लग्नाचा खर्च यात वळते झालेले असतात. मग गिरणी, मग पॉलिश, मग पाकीट, मग त्र्यंबकच्या दुकानाची पायरी. महाशिवरात्रीला तिथे ओळीत उभे असलेले भाविक जी भगर फराळाला खातात तिच्यातला काही दाणा, मी आलो त्याच घाटातून वर गेलेला असतो.

आणि दराची गंमत बघा. 2025-26 च्या खरीप हंगामासाठी केंद्राने नागलीचा हमीभाव क्विंटलला 4886 रुपये केला, आदल्या वर्षीच्या 4290 वरून. खुरासणीचा 8717 वरून 9537. त्या वर्षीच्या सगळ्या खरीप पिकांत रुपयांच्या हिशेबाने सर्वांत मोठी वाढ खुरासणीची होती आणि तिच्या पाठोपाठ नागलीची. म्हणजे दिल्लीने नेमकी याच उतारांवरची दोन पिकं निवडून उचलल्यासारखं दिसतं. पण त्या यादीत वरई नाही. ज्वारी आहे, बाजरी आहे, नागली आहे. वरईला केंद्राचा हमीभावच नाही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, 'श्रीअन्न' हे नावही मिळालं, तरी वरईचा भाव अजून व्यापाऱ्याच्या जिभेवरच ठरतो. हमीभाव असून नागलीचं फार वेगळं घडतं असंही नाही. किलोला पन्नासच्या आतला तो दर, आणि शहरात नागलीच्या पिठाचं ब्रँडचं पाकीट शंभराच्या पुढे. नागलीला गिरणीची अडचण नव्हती. तिथे पैसा पाकीट भरणाऱ्याकडे जातो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने वरईचा एक सुधारित वाण काढला, त्याचं नाव 'फुले एकादशी'. नाव ठेवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण वरई कोणाच्या ताटासाठी पिकते आहे हे त्या एका नावाने सांगून टाकलं. रोज खाणाऱ्याच्या बाजूने नाव सुचलं असतं तर ते काय असतं, याचा मी परतीच्या वाटेवर बराच वेळ विचार करत होतो. सुचलं नाही.

टरफलातला पैसा गावात ठेवायचे प्रयत्न नाहीत असं नाही, आणि त्यांचा हंगाम नेमका हाच, थंडी सरते तो. हवेत दमटपणा नसतो, ऊन कडक पण अजून भाजणारं नाही, वाळवणाला असे दिवस वर्षातून दीड-दोन महिनेच. बचत गटाच्या बायका नागलीचे पापड घालतात. नागली भिजवून, उपसून, वाळवून दळायची. आधणात मीठ, पापडखार, तीळ, जिरं; पीठ वैरायचं आणि घाटत राहायचं. हे घाटणं एकटीचं काम नव्हे. पातेलं एकीने धरायचं, दांडा दुसरीने. उकड गरम असतानाच मळायची, नाहीतर चिरते. मग लाट्या, मग जुन्या साड्यांवर पसरलेले तपकिरी गोल. वरचे उचलून खाली, खालचे वर, आणि कोंबड्या हाकलायला एक नातवंड. तळल्यावर पापड फुलतो आणि जरा गुलाबीसर होतो. चव मातीची म्हणावी तर माती नव्हे. भाजक्या दाण्याची म्हणा.

कागदोपत्री या धंद्याला 2025 मध्ये वाट होती. अन्नप्रक्रियेच्या 2020 च्या केंद्रीय योजनेत बचत गटातल्या सदस्याला बीजभांडवल म्हणून 40,000 रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकत होती, यंत्राच्या किमतीवर 35 टक्के अनुदान होतं. वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असली तर अन्नसुरक्षेची साधी नोंदणी शंभर रुपयांत होत होती. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पापड घालायचे फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि मागणी येते दिवाळीच्या प्रदर्शनांना. मधे अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. कुडाच्या घरात पापड आठ महिने कुरकुरीत ठेवायचे कसे? आणि दुसरी अडचण त्याहून जुनी. नागली भिजवायला, धुवायला, उकडायला पाणी लागतं, आणि पापडाचा हंगाम सुरू होतो नेमका तेव्हा विहिरी तळाला लागतात.

मोखाड्याच्या पाण्याबद्दल जास्त लिहिलं तर लेख दुसरीकडे जाईल, पण एवढं सांगतो. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. कातळ पाऊस धरून ठेवत नाही, धरण धरतं, आणि धरणाचं पाणी उताराने मुंबईकडे जातं. वरई नाशिककडे, पाणी मुंबईकडे, माणसं भिवंडीकडे. पापडाला उरते ती सकाळची दोन हंडे आणून झाल्यावरची वेळ.

या सगळ्यात एक लाल, रसरशीत नवागत आहे: स्ट्रॉबेरी. गेल्या पंधराएक वर्षांत जव्हार-मोखाड्यात तिची लागवड रुजली. महाबळेश्वरकडून रोपं आणायची, पावसाळा सरताना गादीवाफ्यांवर लावायची, थंडीत तोडायची. ज्यांच्याकडे विहीर किंवा ओढ्याचं पाणी आहे त्यांनाच जमतं, पण ज्यांना जमतं त्यांना दिवाळीनंतर ट्रकमध्ये चढावं लागत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. मोगऱ्याचंही तसंच, इथल्या कळ्या दादरच्या फुलबाजारापर्यंत जातात. बायफ या संस्थेने इथे जी आंबा-काजूची वाडी रुजवली तिनेही हेच केलं, माणसाला घराशी बांधलं. फेब्रुवारीत काजूला मोहोर आणि फळं एकाच फांदीवर दिसतात.

स्ट्रॉबेरी मात्र नागलीच्या अगदी उलट्या स्वभावाची. नागली वर्षानुवर्षं थांबते, स्ट्रॉबेरी दोन दिवस थांबत नाही. पहाटे तोडलेली दुपारपर्यंत गाडीत नसेल तर संध्याकाळी तिला पाणी सुटतं. हंगामाच्या शेवटी फळ बारीक होतं, भाव पडतो, आणि रस्त्याकडेला शाळकरी पोरं डबे घेऊन उभी राहतात. मी दोन डबे घेतले. गाडीत ठेवले आणि विसरलो. नाशिकला पोचेपर्यंत खालचा थर लगदा झाला होता. त्यात साखर घालून मी घरी मुरंबा केला, जो माझ्या बायकोच्या मते सरबत होतं. गंमत बाजूला, पण हा मुरंबा मोखाड्यात का होत नाही? जाम करायला पातेलं, साखर, बाटल्या आणि चार जणी लागतात. काही गट करतात, थोडं. बाटली मात्र दुरून आणावी लागते, आणि बाटलीची किंमत आतल्या फळाला जड जाते.

तोवर मोहाचे दिवस येतात. फाल्गुनात झाडाखालचा पाचोळा बाजूला करून जमीन साफ करतात, आणि पहाटे फुलं टपटप पडायला लागली की टोपली घेऊन बायका-मुलं हजर. पिवळसर, मांसल, उग्र गोड वासाचं फूल. वाळलं की मनुक्यासारखं होतं. त्याची दारू होते हे सगळ्यांना माहीत, ते भाजून, उकडून, पिठात घालून खाल्लंही जातं हे फार जणांना नाही. मोहफुलं गोळा करण्यावर आणि नेण्या-आणण्यावर असलेले निर्बंध राज्याने 2021 मध्ये उठवले. तोवर स्वतःच्या अंगणातली फुलं पोत्यात भरून नेणारा माणूस कायद्याच्या नजरेत संशयित होता. आता फुलं मोकळी झाली. लाडू, सरबत, मनुका असे पदार्थ करून विकता येतील असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. होईलही.

होळीला भट्टीवरून माणसं येतात. कितीही काम असो, मुकादम कितीही अडवो, होळीला यायचंच. त्या वर्षी 13 मार्चला होळी होती आणि आदल्या दोन दिवसांत जव्हारच्या एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. होळीनंतर मोखाड्याचा बोहाडा, देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर निघणारी सोंगं; ते मुखवटे करणारे हात जव्हारच्या रामखिंडसारख्या गावांत आहेत. पण त्याआधी घरी पोचलेल्या सुनेला सासूने काय करून घातलं, हे बघायला मी पुन्हा त्याच आजींकडे गेलो होतो.

नागलीची भाकरी होती, सुकट होती, भुजं होतं. आणि सुनेला आवडतो म्हणून वरईचा भात. मी उखळाकडे बघितलं. ते कोपऱ्यात उलटं ठेवलेलं, त्यावर कोंबडी बसलेली. शेतातली वरई माघातच गेली होती, पोती दोन. आजींच्या हातात मोखाड्याच्या किराणा दुकानातून आणलेलं अर्धा किलोचं पाकीट होतं, वर 'उपवासाची भगर' असं छापलेलं आणि शेजारी शंकराची पिंड. त्यांनी ते दातांनी फाडलं, सुपात ओतलं, आणि उन्हाकडे पाठ करून खडे निवडायला बसल्या. बराच वेळ बोटं फिरत राहिली. त्यात एकही खडा नव्हता.